सदनिकेचा दाखला आणि तिच्याखालचे गुंठे

मुंबईच्या घरभाड्याला कंटाळलेले कुटुंब आसनगावला किंवा वासिंदला घर बघायला येते, तेव्हा त्याचे लक्ष स्टेशन किती लांब आहे, पाणी किती वेळ येते, कार्पेट किती आणि बँक किती कर्ज देईल याकडे असते. करारनाम्याच्या शेवटी जोडलेले मिळकतीचे परिशिष्ट फारसे कोणी वाचत नाही. त्या पानावर मौजे, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, गट नंबर, हेक्टर-आरमधले क्षेत्र आणि त्याखाली चतुःसीमा असतात : पूर्वेस लगतचा गट, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस ओहोळ आणि उत्तरेस ‘याच गटाची उर्वरित मिळकत’. या चौथ्या सीमेतच सगळा प्रश्न दडलेला आहे. गटाच्या पोटातली जी रेषा जमिनीवर कधी कोणी आखलीच नाही, तीच कागदावर सीमा म्हणून लिहिली जाते आणि तिच्या भरवशावर वीस-पंचवीस कुटुंबांची मालकी उभी राहते. सदनिकेची खोली आपण इंचात मोजून घेतो, तिच्याखालची जमीन मात्र सांगोवांगी घेतो. इमारत पूर्ण झाल्यावर ती मोजलेल्या हद्दीच्या आत उभी आहे, असा भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीवर आधारलेला नकाशा जोडल्याशिवाय सदनिकेची मालकी देणारा एकही दस्त नोंदला जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. शहापूर आणि मुरबाडसाठी तर ही गरज मोठ्या शहरांपेक्षाही निकडीची आहे.

सदनिका विकत घेणारा नेमके काय विकत घेतो, हे महाराष्ट्रात दोन कायद्यांनी सांगितले आहे. १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्याखाली, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘मोफा’ म्हणून रुळलेल्या कायद्याखाली, सदनिकाधारकांची सहकारी संस्था होते आणि जमीन व इमारत संस्थेच्या नावावर करून द्यावी लागते, म्हणजे अभिहस्तांतरण करावे लागते. दुसरी वाट १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याची. इथे जमीनमालक घोषणापत्र, म्हणजे ‘डिक्लरेशन’, नोंदवून मिळकत या कायद्याखाली आणतो आणि प्रत्येक घेणाऱ्याला स्वतंत्र अपार्टमेंट खत मिळते. त्या खताने त्याला दोन गोष्टी मिळतात : चार भिंतींच्या आतली स्वतःची जागा आणि जमीन, जिना, गच्ची, टाकी यांतला अविभक्त हिस्सा. हा हिस्सा टक्केवारीत लिहिला जातो आणि सर्व सदनिकाधारकांची संमती असल्याखेरीज तो बदलता येत नाही. टक्केवारी कायमची ठरते, पण ती कशाची टक्केवारी हे ठरवणारी जमीनच कच्ची असेल तर? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? वीस गुंठे म्हणून लिहिलेली जागा मोजणीत अठरा निघाली, तर प्रत्येकाच्या टक्क्याला तेवढी कात्री लागते. समजा, इमारतीत सारख्या आकाराच्या चोवीस सदनिका आहेत. वीस गुंठे म्हणजे सुमारे २,०२३ चौरस मीटर, म्हणजे सदनिकेमागे ८४ चौरस मीटर. अठरा गुंठ्यांत तोच हिस्सा ७६ वर येतो. प्रत्येक घरामागे नव्वद चौरस फूट जमीन नाहीशी होते आणि ती खताच्या कुठल्याच ओळीत कमी झालेली दिसत नाही. आज राहणाऱ्याला याची झळ बसत नाही. तीस-चाळीस वर्षांनी इमारत जीर्ण होते, पुनर्बांधणीसाठी जमिनीचे क्षेत्र सिद्ध करायची वेळ येते, तेव्हा त्याची मुले या तफावतीशी झगडत बसतात.

१९७० च्या कायद्याने दाखल्याची तरतूद केली आहे आणि ती वाचण्याजोगी आहे. कलम १३ म्हणते की घोषणापत्रासोबत इमारतीच्या मजल्यांचे नकाशे दुय्यम निबंधकाकडे दाखल करावेत, त्यांत सदनिकांची मांडणी, जागा, क्रमांक आणि मापे असावीत, आणि ते स्थानिक प्राधिकरणाने मंजूर केलेल्या नकाशाबरहुकूम आहेत असे वास्तुविशारदाने लिहून द्यावे. प्रत्यक्षात बांधकाम जसे झाले तसेच ते नकाशात आहे, हेही वास्तुविशारदाने प्रमाणित करावे लागते. पहिल्या दाखल्यात तसे म्हटलेले नसेल, तर पहिली सदनिका हस्तांतरित होण्यापूर्वी दुरुस्तीने ते जोडावे लागते. मजल्यांसाठी ही दक्षता चांगलीच आहे. पण या सगळ्या मजकुरात इमारत कुठे उभी आहे, तिचा कोपरा शेजारच्या गटात गेला आहे का, याबद्दल अवाक्षर नाही. दाखला जोत्याच्या वर सुरू होतो आणि गच्चीवर संपतो. बांधकाम परवानगीच्या वेळी मोजणी नकाशा जोडावा लागतो, हे खरे. पण ती मोजणी इमारतीच्या आधीची असते. इमारत उभी राहिल्यावर तिची जमिनीवरची बाह्यरेषा त्या नकाशावर बसवून पाहण्याचे बंधन कोणावरच नाही.

ज्या मोजणीबद्दल मी बोलतो आहे ती म्हणजे काय, हे थोडे जवळून पाहू. हद्द कायम मोजणीचा अर्ज उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या तालुक्याच्या कार्यालयात होतो. लगतच्या कब्जेदारांना नोटिसा जातात. ठरल्या दिवशी भूकरमापक येतो. पूर्वी त्याच्याकडे साखळी आणि शंकू असे, पुढे फळी आली, मग ईटीएस मशीन आणि आता उपग्रहाचे संकेत घेणारा रोव्हर. तो आधी कार्यालयातले जुने टिपण, फाळणी किंवा गटाचा नकाशा पाहतो, मग जागेवरची वहिवाट मोजतो आणि दोन्ही एकमेकांवर बसवतो. कुंपण कुठे आहे आणि अभिलेखाप्रमाणे हद्द कुठे असायला हवी, हे दोन वेगवेगळ्या रेषांनी नकाशात उमटते. हद्दीच्या खुणा जागेवर दाखवल्या जातात, हजर असलेल्यांचे जबाब होतात आणि नकाशाची जी प्रत अर्जदाराच्या हाती पडते तिला सगळा तालुका ‘क-प्रत’ म्हणतो. निकाल मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, मागता येते. या कामात शेजारी हजर असतो, त्याला हरकत घेता येते, आणि तरीही रेषा ठरते. क-प्रतीची खरी ताकद तिथे आहे. बिल्डरच्या कार्यालयात काढलेल्या कुठल्याही नकाशाला हे बळ येत नाही, कारण त्यावर शेजाऱ्याला कधी कोणी विचारलेलेच नसते.

सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेले असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. सातबारा हा हक्काचा आणि महसुलाचा उतारा आहे. क्षेत्र किती ते त्यावर आकड्यात असते, पण त्या आकड्याचा आकार आणि जागा त्यावर नसते. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरकडून १८३६ च्या सुमारास जी मोजणी सुरू केली, ती शेतसारा ठरवण्यासाठी होती. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची साखळी हे तिचे हत्यार. आपला गुंठा म्हणजे त्याच साखळीचा चौरस, १,०८९ चौरस फूट. जुने गावनकाशे साधारणपणे मैलाला आठ इंच या प्रमाणाचे आहेत. या प्रमाणात कागदावरची अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ जमिनीवर जवळजवळ चार मीटर रुंद होते. भातखाचराच्या बांधाला ते चालून जाते. इमारतीच्या कडेने दीड-दोन खोल्यांची रुंदी त्या रेघेत बुडून जाते. ज्या काळी ही रेघ ओढली त्या काळी तिच्यावर तीन-चार मजले उभे राहतील असे कोणाच्या मनात नव्हते, आणि त्यात त्या मोजणीदारांचा काही दोष नाही. दोष आहे तो त्या रेघेकडून आज भलत्या कामाची अपेक्षा करणाऱ्यांचा.

शहापूर-मुरबाडचे प्रकरण आणखी गुंतागुंतीचे आहे. या भागाने गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत दुसऱ्यांसाठी किती जमीन दिली ते पाहा. तानसा, मोडकसागर आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्यांच्या जलवाहिन्या, मध्य रेल्वे, मुंबई-नाशिक महामार्ग, वीजवाहिन्या आणि अगदी अलीकडे समृद्धी महामार्ग, ज्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. दर संपादनात गटाचा एखादा तुकडा कापला जातो. कापलेल्या क्षेत्राचे कमी-जास्त पत्रक, म्हणजे ‘कजाप’, होऊन त्याचा अंमल सातबाऱ्यावर आला तरच उरलेले क्षेत्र खरे दिसते. हे पत्रक रखडले की उताऱ्यावर जुनाच आकडा राहतो आणि त्याच आकड्यावर विकासाचा करारही होतो. दुसरी गुंतागुंत पोटहिश्शांची आहे. वाटण्या तोंडी होतात, फेरफारात नावे चढतात, पण पोटहिस्सा मोजणी होत नाही. पाच भावांचा गट उताऱ्यावर एक आणि जागेवर पाच, अशी अवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालते. तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्याने लहान तुकड्यांची खरेदी रोखली, तेव्हा लोकांनी सामाईक नावांची आणि नोटरी केलेल्या कागदांची वाट धरली. प्रमाणभूत क्षेत्राची मर्यादा २०२३ मध्ये जिरायतीसाठी वीस आणि बागायतीसाठी दहा गुंठ्यांवर आणली, तरी आधीचे भिजत घोंगडे तसेच राहिले. अशा गटातला एक भाऊ आपला वाटा बिल्डरला देतो तेव्हा चतुःसीमेतली ‘उर्वरित मिळकत’ ही बाकीच्या चार भावांची भातशेती असते. रेषा न आखता इमारत उभी राहिली की पहिला फटका त्यांना बसतो. सदनिकाधारकांचा नंबर त्यानंतरचा.

तिसरी गोष्ट या भागापुरती फार महत्त्वाची आहे. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला शासनाच्या परवानगीशिवाय देता येत नाही, हे महसूल संहितेच्या कलम ३६-अ ने बांधून ठेवले आहे. शेजारचा गट ठाकूर किंवा वारली कुटुंबाचा असेल आणि इमारतीचा कोपरा दोन मीटर त्यात घुसला असेल, तर मुंबई-ठाण्यात होते तशी ‘पैसे देऊन मिटवून टाकू’ ही वाट इथे कायद्यानेच बंद आहे, आणि ती बंदच राहिली पाहिजे. शेजारी वनजमीन असेल तर १९८० चा वन संवर्धन कायदा आड येतो. म्हणजे जी चूक शहरात तडजोडीने निस्तरते ती शेणवा, डोळखांब, किन्हवलीच्या पट्ट्यात मुळीच निस्तरत नाही. आदिवासी कुटुंबाची जमीन जाते, ते न्यायालयाच्या पायऱ्या झिजवते, आणि वर राहणाऱ्या सदनिकाधारकाला आपण कोणाच्या बांधावर झोपतो आहोत याचा पत्ताच नसतो. दोन्हीकडची माणसे निरपराध असलेला हा वाद टाळण्याची वेळ पाया खणण्याआधीची असते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप ‘रेरा’चा आहे. २०१६ च्या या केंद्रीय कायद्यात प्रकल्पाची नोंदणी करताना जमिनीच्या सीमा आणि टोकांचे अक्षांश-रेखांश देणे बंधनकारक आहे, आणि मालकी हक्कात दोष निघाल्यास भरपाई मागायला मुदतीचे बंधन नाही. मग वेगळा नकाशा कशाला? अक्षांश-रेखांश जमिनीवरचा बिंदू कुठे आहे ते सांगतात. तो बिंदू कायदेशीर हद्दीचा आहे का, हे ते सांगत नाहीत. कुंपणाच्या खांबाजवळ उभे राहून घेतलेले आकडे कुंपणाचा पत्ता देतात. त्यातही साध्या मोबाइलवर काही मीटरची चूक सहज होते. अक्षांशातला चौथा दशांश एका घराने बदलला तर जमिनीवर अकरा मीटरचा फरक पडतो. आकडे अचूक असतील तेव्हाही जुन्या टिपणाशी त्यांची सांगड घालावी लागते आणि ते काम भूकरमापकाचे आहे. शिवाय ‘रेरा’ची नोंदणी लागते ती पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेला आणि आठपेक्षा जास्त सदनिकांना. १९७० च्या कायद्यात मात्र पाच सदनिकांची इमारतही बसते. पाच ते आठ सदनिकांची, अर्ध्या-पाऊण हजार चौरस मीटरवरची इमारत म्हणजे नाक्यावरच्या गावात उभी राहणारी नेहमीची इमारत. तिच्यासाठी ‘रेरा’चे छत्र नाही आणि मोजणीचेही नाही. तिथे लोक ग्रामपंचायतीची घरपट्टी आणि नमुना आठ दाखवतात. घरपट्टीची पावती कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे. गावठाणात २०२० पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनने मोजून घरांना मिळकत पत्रिका देण्याचे काम सुरू झाले आहे. गावठाणाबाहेर, शेतजमीन बिनशेती करून उभ्या राहिलेल्या इमारतींना त्याचा उपयोग नाही, आणि नव्या इमारती बहुतेक तिथेच होतात.

मोजणीने फसवणूक थांबणार आहे का, असाही प्रश्न येईल. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींना बनावट परवानग्यांच्या आधारे ‘रेरा’चे क्रमांक मिळाल्याचे उघड झाले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवरच्या ४१ इमारती जमीनदोस्त झाल्या. त्यातल्या रहिवाशांकडे करारनामे होते, विजेची बिले होती. या दोन्ही प्रकरणांचे मूळ लबाडीत आहे, मोजणीच्या चुकीत नाही, आणि क-प्रत ही लबाडीवरचा रामबाण उपाय आहे असा माझा दावाही नाही. पण ही प्रकरणे एक गोष्ट लख्ख दाखवतात : वरच्या मजल्यांचे कागद कितीही व्यवस्थित असले तरी खालच्या जमिनीचा प्रश्न सुटला नसेल तर ते निरुपयोगी ठरतात. भूमी अभिलेखाचा नकाशा खात्याच्याच दप्तरात असतो. दुय्यम निबंधकाने तो पक्षकाराच्या हातून घेण्याऐवजी थेट खात्याकडून पडताळून घेतला, तर बनावट प्रत चालवण्याची वाट निदान अरुंद होईल.

राहिला खर्चाचा आणि दिरंगाईचा मुद्दा, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. तालुक्याच्या कार्यालयात मोजणीचे अर्ज तुंबतात, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. इमारतींची भर पडली तर शेतकऱ्याचा नंबर आणखी मागे जाईल, ही भीती रास्त आहे. पण ही मोजणी सदनिकेमागे नाही, इमारतीमागे एकदा करायची आहे आणि तिची फी चोवीस घरांत वाटली गेली तर ती नोंदणीच्या मुद्रांकापुढे नगण्य ठरते. शेतकऱ्याच्या रांगेला धक्का लागू नये म्हणून इमारतींचे मोजकाम परवानाधारक खासगी भूमापकांकडे द्यावे आणि खात्याने तपासून सही करावी. शेजारच्या कर्नाटकात हा मार्ग रुळलेला आहे. तिथे शेतजमिनीचा काही भाग विकायचा तर आधी ‘११-ई’ नकाशा काढावा लागतो, तो परवानाधारक भूमापक मोजून तयार करतो आणि नकाशाशिवाय खरेदीखत नोंदले जात नाही. बेळगावकडच्या मराठी शेतकऱ्याला हे नवे नाही. इमारतींबाबत तर जगात हा जुना पायंडा आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने १९६१ मध्ये मजल्यांच्या मालकीचा कायदा केला तेव्हापासून नोंदणीचा नकाशा भूमापकाच्या सहीने येतो आणि इमारत भूखंडाच्या हद्दीत आहे हे तो सांगतो. कॅनडातल्या ऑन्टॅरिओमध्येही कॉन्डोमिनियमचे वर्णन भूमापकाच्या हातूनच तयार होते. आपल्या १९७० च्या कायद्याने मजल्यांची मालकी ही कल्पना परदेशातून घेतली, वास्तुविशारदाचा दाखलाही ठेवला, पण भूमापक मात्र बाहेरच राहिला.

इमारत बांधून झाल्यावर अतिक्रमण निघाले तर रहिवाशांनी कुठे जायचे, हा आक्षेप मला सर्वांत बोचतो. म्हणून एकच मोजणी शेवटी करून भागणार नाही. जोते तपासणीच्या वेळी, खांब वर येण्याआधी, जोत्याचे कोपरे क-प्रतीवर बसवून घ्यावेत. त्या टप्प्यावर सापडलेली चूक काही ट्रक खडी-सिमेंटची असते आणि ती बिल्डरच्या खिशातून जाते. इमारत पूर्ण झाल्यावरची दुसरी मोजणी मग बहुधा केवळ खात्री करून घेण्यापुरती उरते, आणि तोच नकाशा घोषणापत्राला किंवा संस्थेच्या अभिहस्तांतरणाला जोडला जातो. वास्तुविशारदाने हद्दीची जबाबदारी घ्यावी असे मी म्हणत नाही. मालक जे कोपरे दाखवतो तिथून तो सुरुवात करतो. हद्द ठरवण्याचा अधिकारही त्याचा नाही आणि तसे शिक्षणही त्याला दिलेले नसते.

ज्या इमारती आधीच उभ्या आहेत त्यांच्यापुढे एक वेगळीच अडचण आहे. मोजणीचा अर्ज साधारणपणे सातबाऱ्यावर नाव असलेल्यालाच करता येतो, आणि अभिहस्तांतरण झालेले नसेल तर संस्थेचे नाव उताऱ्यावर नसतेच. बिल्डर किंवा मूळ मालक दाद देत नसेल तर ‘मोफा’च्या २००८ च्या दुरुस्तीने आणलेल्या मानीव अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करावा लागतो. तिथे जमिनीचे क्षेत्र ठरवताना मंजूर नकाशा आणि वास्तुविशारदाचा दाखला पुढे येतो. म्हणून आसनगाव-वासिंदच्या जुन्या संस्थांनी करण्याजोग्या गोष्टी अशा : बांधकाम परवानगीच्या फाइलमधल्या मोजणी नकाशाची नक्कल माहिती अधिकारात मागून घ्यावी. गटावर संपादनाचा कजाप झाला आहे का ते फेरफारात तपासावे. आणि आदेश मिळून संस्थेचे नाव सातबाऱ्यावर चढले की रंगकामाच्या आधी हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा. लगतच्या खातेदारांची नावे त्यात नीट भरावीत, म्हणजे नोटीस योग्य माणसाच्या हाती पडेल आणि मोजणीच्या दिवशी तो बांधावर हजर राहील.